वायकीकी ते कोना : आयर्नमॅनची वाट

आयर्नमॅन या नावाने जगभर होणाऱ्या शर्यतीची तिन्ही अंतरे कोणा क्रीडाशास्त्रज्ञाने मोजूनमापून ठरवलेली नाहीत. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, ही हवाईमधल्या ओआहू बेटावर आधीपासून चालत आलेल्या तीन निरनिराळ्या स्पर्धांवरून आलेली अंतरे आहेत. त्या तिन्ही एका दिवसात एकापाठोपाठ उरकायच्या असे ठरले आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा पुरुष त्या वाटेला लागले. त्यांतल्या बारा जणांनी ती पूर्ण केली. पुढे शर्यत दुसऱ्या बेटावर गेली, त्यामुळे मूळ वाट शोधायची तर सुरुवात होनोलुलू शहरातूनच करावी लागते.

वायकीकीच्या पूर्व टोकाला, डायमंड हेड या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी सां सूसी नावाची छोटी पुळण आहे. शेजारीच १९२७ सालचा खाऱ्या पाण्याचा मोठा जलतरण तलाव आहे. पहिल्या महायुद्धात सेवा बजावलेल्या हवाईच्या लोकांचे ते स्मारक. त्याच्या उद्घाटनाला ड्यूक काहानामोकू पोहला होता. हा १९१२ आणि १९२० च्या ऑलिम्पिकमधला सुवर्णपदक विजेता, आणि सर्फिंग जगभर नेणारा माणूस. तलाव १९७९ पासून बंद आहे. ‘वायकीकी रफवॉटर स्विम’ ही खुल्या समुद्रातली स्पर्धा १९७० पासून याच किनाऱ्यालगत होते. तिचे अंतर २.४ मैल, कारण सोयीच्या दोन पुळणींमधले अंतर तेवढे भरते. जगातल्या प्रत्येक आयर्नमॅन शर्यतीत, मग ती ऑस्ट्रियाच्या सरोवरात असो की ब्राझीलच्या किनाऱ्यावर, स्पर्धक जे अंतर पोहतो ते मुळात वायकीकीच्या किनाऱ्याची लांबी असते.

कल्पना निघाली ती वादातून. १९७७ च्या फेब्रुवारीत ओआहू बेटाला प्रदक्षिणा घालणारी रिले शर्यत झाली आणि तिच्या बक्षीस समारंभात जुनाच विषय निघाला : खरा दमदार कोण, धावणारा की पोहणारा? अमेरिकी नौदलातले कमांडर जॉन कॉलिन्स तिथे होते. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याची प्राणवायू शोषून घेण्याची क्षमता सर्वाधिक मोजली गेल्याचे त्यांनी कुठेतरी वाचले होते, तेव्हा वादात सायकलवालेही आले. निकाल लावायचा तर तिन्ही शर्यती जोडून घ्या, जो पहिला येईल त्याला ‘आयर्न मॅन’ म्हणू, असे कॉलिन्स यांनी मंचावरून जाहीर केले. लोक हसले, पण जॉन आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या दृष्टीने ती नुसती थट्टा नव्हती. तीन खेळ जोडण्याची गोष्ट दोघांना नवी नव्हती. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात २५ सप्टेंबर १९७४ रोजी मिशन बे इथे जी ट्रायथलॉन झाली, तिच्यात हे जोडपे उतरले होते. आधुनिक ट्रायथलॉनची सुरुवात साधारणपणे त्या शर्यतीपासून मोजतात. ती छोटी होती, कामावरून परतल्यावर संध्याकाळी उरकण्याजोगी. तिला दिवसभराची करणे ही कॉलिन्स दांपत्याची भर.

सायकलची वाट घड्याळाच्या उलट दिशेने बेटाला वळसा घालते. डायमंड हेड ओलांडून रस्ता पूर्वेला मकापूच्या कड्याकडे चढतो, तिथून वाऱ्याच्या बाजूला उतरतो. या बाजूला कोओलाऊ डोंगराचे उभे हिरवे कडे सतत डावीकडे राहतात. पावसाच्या ओघळांनी त्यांवर इतक्या खोल घळी पडल्या आहेत की श्रावणातला सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ओळख पटावी. मग लाये हे मॉर्मन पंथीयांचे गाव लागते आणि पुढे सर्फिंगसाठी प्रसिद्ध असलेला उत्तर किनारा. हालेइवापासून रस्ता समुद्र सोडून वाहियावाच्या पठारावर चढतो. १९७८ मध्ये इथे दोन्ही हातांना अननस आणि ऊस होता. बेटावरचा उसाचा शेवटचा कारखाना, वायलुआचा, १९९६ मध्ये बंद पडला. पठार उतरले की पर्ल हार्बर. त्या काळात बेट चालत होते ते शेतमळे, पर्यटक आणि लष्कर यांच्यावर, आणि शर्यतीचे पहिले स्पर्धक बरेचसे तिसऱ्या गटाच्या आसपासचे होते. ओआहूची मूळ सायकल स्पर्धा ११५ मैलांची आणि दोन दिवसांची. कॉलिन्स यांनी पोहणे संपते तिथून सायकल सुरू करून मॅरेथॉन सुरू होते तिथे संपवली, त्यात तीन मैल गळाले आणि ११२ उरले. जगभरचे १८० किलोमीटर आले ते या काटछाटीतून.

सायकल संपायची ते ठिकाण म्हणजे होनोलुलू बंदरातला अलोहा टॉवर. १९२६ मध्ये बांधलेली ही दहा मजली घड्याळाची इमारत एके काळी बोटीने येणाऱ्या प्रवाशाला बेटाचे पहिले दर्शन देत असे. होनोलुलू मॅरेथॉन तेव्हा इथून सुटे आणि कपियोलानी पार्कमध्ये संपे. पहिल्या वर्षी वाटेत पाण्याची ठाणी नव्हती. प्रत्येकाने आपापली माणसे आणि गाडी आणायची, खाणेपिणे त्यांनीच पुरवायचे. नौदलाच्या सील तुकडीत असलेला जॉन डनबार मॅरेथॉनच्या मोठ्या भागात पुढे होता, पण त्याच्या माणसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर दिली. शेवटच्या टप्प्यात गॉर्डन हॅलर त्याला मागे टाकून गेला. हॅलरची वेळ ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद. स्वतः कॉलिन्स यांनीही शर्यत पूर्ण केली, मधे थांबून खाऊनपिऊन. त्यांना लागलेला वेळ पुढे येईलच.

या वाटेवर फिरताना नवल वाटते ते तिच्या साधेपणाचे. आयर्नमॅन म्हटले की डोळ्यांसमोर काळ्या लाव्ह्याचे माळ, तापलेला डांबरी रस्ता आणि एकटा सायकलस्वार येतो. ओआहूवर यांतले काहीच नाही. शहर आहे, सिग्नल आहेत, हिरवाई आहे. ते चित्र नंतर आले, आणि शर्यत मोठी होण्यात त्या चित्राचा वाटा थोडाथोडका नाही.

१९७९ ची शर्यत वादळी हवेमुळे एक दिवस पुढे ढकलली गेली आणि पुन्हा पंधराच जण उतरले. सॅन डिएगोचा टॉम वॉरन जिंकला. पहिल्यांदाच एक स्त्री उतरली, बोस्टनची सायकलपटू लिन लेमेर, आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. दुसऱ्याच कामासाठी हवाईत आलेला ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’चा पत्रकार बॅरी मॅक्डरमॉट याने तो प्रकार पाहिला आणि त्यावर प्रदीर्घ लेख लिहिला. पुढच्या वर्षी एबीसी वाहिनीचे कॅमेरे आले, स्पर्धक शंभरावर गेले आणि डेव्ह स्कॉटने वेळ एकदम ९ तास २४ मिनिटांवर आणली. कॉलिन्स यांची नौदलातून बदली झाली. शर्यत होनोलुलूतल्या एका व्यायामशाळेच्या मालकांकडे गेली आणि त्यांच्यापैकी व्हॅलरी सिल्क या बाईंनी ती हाती घेतली. स्वतः त्या खेळाडू नव्हत्या. होनोलुलूच्या रहदारीत एवढी माणसे सांभाळता येणार नाहीत हे ओळखून १९८१ मध्ये त्यांनी शर्यत हवाई बेटावर, म्हणजे सर्वांत मोठ्या बेटावर, कोनाला नेली. त्या वर्षी ७३ वर्षांच्या वॉल्ट स्टॅक यांनी २६ तासांहून अधिक वेळ घेऊन ती पूर्ण केली. तेव्हा वेळेची मर्यादाच नव्हती.

कोनाचा विमानतळच हुआलालाई ज्वालामुखीच्या १८०१ सालच्या लाव्ह्यावर बांधलेला आहे. विमानातून उतरल्यावर दिसते ती काळी, फुटकी, गवताची काडी नसलेली जमीन. दख्खनच्या पठाराचा काळा दगडही असाच लाव्ह्यातून आला, पण त्याला साडेसहा कोटी वर्षे झाली, माती झाली, शेती झाली. इथला दगड पेशवाईच्या अखेरच्या काळातला आहे. मोठे पर्वत वाऱ्याच्या बाजूचा पाऊस अडवतात, म्हणून किनारा कोरडा. थोडे वर चढले की मात्र हुआलालाईच्या उतारावर दुपारचे ढग जमतात आणि तिथे कोनाची प्रसिद्ध कॉफी पिकते. एकोणिसाव्या शतकात आलेले हे पीक आजही मुख्यतः छोट्या कुटुंबांच्या मळ्यांत आहे, आणि त्यांत मळेमजूर म्हणून आलेल्या जपान्यांचे वंशज बरेच.

कोनातल्या कायलुआ गावाच्या धक्क्यावरून आज पोहणे सुरू होते. पाणी उबदार, त्यामुळे अंगभर रबरी पोशाख घालायला परवानगी नाही. धक्क्याला लागूनच कामाकाहोनू ही जागा आहे. हवाईची बेटे एका राज्यात आणणारा राजा कामेहामेहा इथे राहिला आणि १८१९ मध्ये इथेच वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा लिहोलिहो याने सर्वांदेखत बायकांच्या पंगतीत बसून अन्न खाल्ले. स्त्रीपुरुषांनी एकत्र जेवू नये हा तिथला कडक निषेध होता आणि तो मोडताच जुन्या धर्माची सगळी बंधने कोसळली. हे घडवून आणण्यात कामेहामेहाची लाडकी राणी काअहुमानू पुढे होती. पुढच्याच वर्षी अमेरिकी मिशनरी आले. समोरचे मोकुआइकाउआ हे दगडी चर्च त्यांचे. शर्यतीच्या आठवड्यात या सगळ्या इतिहासाला कुंपणे आणि जाहिरातींच्या कमानी वेढून असतात, आणि स्पर्धकांतल्या फार थोड्यांची नजर तिकडे जात असेल.

सायकलचा रस्ता त्याच राणीच्या नावाचा आहे. क्वीन काअहुमानू महामार्ग, स्थानिक भाषेत ‘क्वीन के’, १९७५ मध्ये खुला झाला. त्याआधी या किनाऱ्याने नीट वाट नव्हती. रस्ता झाला तो हॉटेलांसाठी. लॉरेन्स रॉकफेलर यांनी १९६५ मध्ये कोहाला किनाऱ्यावर मोठे हॉटेल उभारले होते, त्यापाठोपाठ इतरांना जागा हव्या होत्या. लाव्ह्यावर हिरवळ आणि गोल्फची मैदाने उगवली ती दूरवरून आणलेल्या पाण्यावर. म्हणजे आयर्नमॅनची जी निर्जन, आदिम वाट म्हणून जाहिरात होते, ती पर्यटन व्यवसायाने शर्यतीच्या आधी जेमतेम सहा वर्षे बांधलेली आहे. सावली नाही, गाव नाही, वळणही फारसे नाही. रस्त्याच्या कडेला लोकांनी काळ्या लाव्ह्यावर पांढऱ्या प्रवाळाचे खडे मांडून नावे लिहिलेली दिसतात : प्रेमिकांची, मेलेल्यांची आणि शर्यतीच्या दिवसांत स्पर्धकांचीही.

खरी परीक्षा वाऱ्याची. मौना केआ आणि कोहाला या दोन पर्वतांमधल्या खिंडीतून मुमुकू नावाचा वारा सुटतो आणि कावाइहाएच्या आसपास रस्त्याला आडवा लागतो. सायकलचे चाक तबकडीसारखे पूर्ण बंद असेल तर ती हातातून जाईल, म्हणून तसल्या चाकांना इथे बंदी आहे. पुढच्या सायकलच्या आडोशाने जाण्यालाही या शर्यतीत बंदी आहे, त्यामुळे प्रत्येकाने आपला वारा आपणच झेलायचा. कावाइहाएच्या वर पुकोहोला हे कामेहामेहाने १७९०–९१ मध्ये बांधवलेले दगडी देवस्थान दिसते. चढण संपते ती हावी या गावात. इथून सायकली परत फिरतात. हावी ऊसकऱ्यांचे गाव होते. कोहालाचा साखर धंदा १९७५ मध्ये संपला, ‘क्वीन के’ खुला झाला त्याच वर्षी, आणि गावातले लोक रोज हॉटेलांतल्या नोकऱ्यांकडे जाऊ लागले. लाकडी दर्शनी भागांच्या जुन्या दुकानांत आता आइस्क्रीम आणि चित्रे विकली जातात.

धावण्याचा मार्ग पुन्हा महामार्गावरून विमानतळाजवळ एका सरकारी प्रयोगशाळेच्या आवारात उतरतो. स्पर्धक तिला नुसते ‘एनर्जी लॅब’ म्हणतात आणि ते नाव घेताना बहुतेकांचा चेहरा बदलतो. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचे काम असे : खोल समुद्रातले अतिथंड पाणी नळांनी वर ओढायचे आणि पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याशी असलेल्या तापमानाच्या फरकातून वीज काढायची. वीज थोडी निघाली, पण थंड आणि स्वच्छ पाण्यावर दुसरेच धंदे वाढले : समुद्री शेवाळ, अबालोन नावाचे शंखप्राणी, समुद्री घोडे. स्पर्धकाला यांतले काही दिसत नाही. त्याला दिसतो खाली जाणारा आणि पुन्हा वर येणारा उघडा रस्ता. इथे किती शर्यती जिंकता जिंकता हातच्या गेल्या याच्या कथा खेळाच्या जाणकारांकडून भरपूर ऐकायला मिळतात.

शेवट अली ड्राइव्हवर होतो, समुद्राच्या कडेने जाणाऱ्या गावच्या रस्त्यावर. आयर्नमॅन घराघरांत पोहोचली ती या भागातल्या एका घटनेने. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस ही शारीरिक शिक्षणाची विद्यार्थिनी पहिली येत होती. शेवटच्या टप्प्यात तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. अगदी जवळ आल्यावर कॅथलीन मॅक्कार्टनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली. मॉसने उरलेले अंतर रांगत कापले आणि २९ सेकंदांच्या फरकाने दुसरी आली. एबीसीने ते दाखवले. विजेतीचे नाव थोड्यांनाच आठवते, मॉसचे सगळ्यांना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शर्यत दुसऱ्यांदा झाली आणि तोच महिना कायम झाला, कारण थंड देशांतल्या लोकांना सरावाला उन्हाळा मिळतो. अर्ज इतके आले की १९८३ पासून आधी पात्र ठरण्याची अट आली आणि वेळेची मर्यादा १७ तासांवर ठरली.

शर्यतीपेक्षा किताब मोठा झाला तो इथपासून. पहिला येण्याची ज्याला आशाही नाही असा माणूस वर्षभर पहाटे उठतो, पैसे खर्च करतो, ते ‘आयर्नमॅन’ म्हणवून घेण्यासाठी. अंतिम रेषेवर माइक रायली हे निवेदक प्रत्येकाचे नाव घेऊन तू आयर्नमॅन झालास असे पुकारत. ती प्रथा १९९१ मध्ये पडली. एम अक्षरावर ठिपका ठेवून केलेले कंपनीचे बोधचिन्ह हजारो लोक पोटरीवर गोंदवून घेतात. एखाद्या खासगी कंपनीचा नोंदणीकृत शिक्का स्वखर्चाने अंगावर कोरून घेणारे इतके गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या खेळाला मिळाले असतील याची शंका आहे.

अंतरावर कोणाचा हक्क नाही, नावावर आहे. सारा व्यापार या फरकावर उभा आहे. १९८५ मध्ये न्यूझीलंड आणि जपान इथे परवान्यावर पहिल्या परदेशी शर्यती झाल्या. सिल्क यांनी १९९० च्या सुमारास जेम्स गिल्स या फ्लोरिडातल्या नेत्रतज्ज्ञाला सगळे तीस लाख डॉलरना विकले. २००८ मध्ये प्रॉव्हिडन्स या गुंतवणूक संस्थेने ते घेतले, २०१५ मध्ये चीनच्या वांडा समूहाने ६५ कोटी डॉलरना, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या अॅडव्हान्स कंपनीने ७३ कोटींना. जर्मनीतल्या रोट या छोट्या गावात परवान्याचा करार संपल्यावर २००२ पासून ‘चॅलेंज’ या नावाने शर्यत सुरू राहिली. अंतर तेच, गर्दी प्रचंड, पण तिथे पूर्ण करणाऱ्याला कायद्याच्या दृष्टीने आयर्नमॅन म्हणता येत नाही. मग कंपनीने निम्म्या अंतरालाही नाव दिले, मैलांच्या बेरजेवरून ‘७०.३’. भारतातली पहिली अशी शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळ मीरामारला झाली आणि कोल्हापूर-पुण्याकडच्या धावपटूंना हे बोधचिन्ह घराजवळ मिळू लागले. त्याआधी परदेश गाठावा लागे. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झ्युरिकला पूर्ण अंतर १५ तास १९ मिनिटांत पार केले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतून हे नाव सर्वदूर पोहोचले.

कोनाच्या जागेची ओढ इतकी की काही जागांसाठी कंपनी पैसे घेऊन सोडत काढत असे. अमेरिकेच्या न्याय खात्याने तो बेकायदा जुगार ठरवला आणि २०१५ मध्ये कंपनीला सुमारे २७ लाख डॉलर भरावे लागले. वेगही बदलला : २०२४ मध्ये पॅट्रिक लांगे याने कोनाची वाट ७ तास ३५ मिनिटे ५३ सेकंदांत संपवली, हॅलरपेक्षा चार तासांहून लवकर. आणि कॉलिन्स यांची १९७८ ची वेळ होती १७ तास ० मिनिटे ३८ सेकंद. आजच्या नियमाने शर्यतीचा जनकच ३८ सेकंदांनी अपात्र.

कोनाला मात्र हा मान सोसेनासा झाला होता. २०२२ मध्ये स्पर्धक पाच हजारांवर गेले, शर्यत दोन दिवस चालली आणि गावाचा एकमेव मोठा रस्ता दोनदा अडला. कामावर जायचे कसे, असा साधा प्रश्न रहिवाशांनी विचारला. दोन दिवसांना पुन्हा मंजुरी मिळाली नाही. म्हणून २०२३ पासून पुरुष आणि महिला यांच्या जागतिक स्पर्धा आळीपाळीने कोना आणि फ्रान्समधल्या नीसमध्ये विभागल्या गेल्या. नीसचा डोंगरी मार्ग अनेकांना सायकलसाठी अधिक चांगला वाटला, पण पात्र ठरूनही जागा नाकारणारे वाढले. लोकांना जागतिक स्पर्धा नको होती, त्यांना कोना हवे होते. २०२६ पासून दोन्ही स्पर्धा पुन्हा कोनात एकाच दिवशी घेण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. हे बेट, त्याची कॉफी आणि हावीचा रस्ता निवांत पाहायचा असेल त्याने ऑक्टोबरचा तो आठवडा टाळावा.